चिरा आणि चुना : बाजारातल्या जुन्या इमारतींविषयी तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी म्हापशाच्या बाजारातल्या आमच्या कापडदुकानाविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. १९९४ साली वडिलांनी हौसेने दुकान नवं करायला घेतलं. भिंतींवरचा चुना खरवडून सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं, आणि पाचव्या पावसाळ्यात ते ढलप्याढलप्यांनी खाली आलं, एवढंच त्यात होतं. त्यावर पत्रं आली ती जवळजवळ सगळी दुकानमालकांची. खाली दुकान, वर माळा किंवा बिऱ्हाड, पुढे लोखंडी कठड्याची गॅलरी, वर मंगळुरी कौलं, अशा इमारतींची. मी बांधकाम अभियंता आहे आणि गेली पंचवीसेक वर्षं बहुतेक काम ह्याच इमारतींवर केलं आहे. पाच पत्रं इथे घेते आहे.

पणजीत सांव तोमे भागात आमची दुमजली इमारत आहे. खाली स्टेशनरीचं दुकान, वर गोदाम. आजोबांनी विकत घेतली तेव्हाही ती जुनीच होती. भिंतींना जमिनीपासून तीन-चार फूट ओल चढते, कौलं गळतात, माळ्याच्या फळ्या चालताना हलतात. ठेकेदार म्हणतो, छप्पर काढून स्लॅब घाला, भिंतींना वॉटरप्रूफ सिमेंट मारा, मग वीस वर्षं बघायला नको. पावसाळ्यापूर्वी उरकून घेऊ का?
*एक वाचक, पणजी*

स्लॅब घालू नका, आणि भिंतींना सिमेंट तर अजिबात लावू नका. तुमच्या पत्रातली ही दोन कामं झाली तर इमारत वाचवणं पुढे फार महाग पडेल, म्हणून आधी हे सांगून टाकते.

कौलारू छपराचं वजन लाकडासकट चौरस मीटरला साधारण ६५ ते ७० किलो भरतं. पाच इंची स्लॅब तेवढ्याच जागेत ३०० किलोंच्या वर जाते. तुमच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, चुन्यात बांधलेल्या, आणि पायाही त्याच हिशेबाने घातलेला. चौपट-पाचपट ओझं अशा भिंतीवर ठेवायचं तर आतून काँक्रीटचे खांब उभे करावे लागतात. मग जुनी इमारत नुसती दर्शनी पडद्यासारखी उरते. शिवाय गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इतक्या पावसात सपाट स्लॅब गळायला लागली की लोक तिच्यावर पुन्हा पत्रे घालतात. गावोगावी बघा, स्लॅबवर पत्रे दिसतातच.

आता ओलीचं. पणजी १८४३ साली राजधानी झाली, पण त्याआधी इथला बराचसा भाग दलदल होता, भर घालून शहर वाढवलं. तुमच्या भागात उरेंची खाडीही जवळ. जमिनीतलं पाणी भिंतीत चढणार, हे जुन्या गवंड्यांना ठाऊक होतं, म्हणून ते चुना लावत. चुन्याच्या अंगातून ओल बाहेर पडून वाळते. सिमेंट तिची वाट अडवतं. मग ओल आणखी वर चढते, तिच्याबरोबर आलेले क्षार प्लास्टरच्या मागे साचतात आणि चिऱ्याचा पृष्ठभाग फोडतात. आमच्या दुकानात पडलेली एक ढलपी मी उचलून उलटी केली होती. तिच्या पाठीला बोटभर जाडीचा लाल जांभा चिकटून आला होता, वर मिठासारखी पांढरी बुरी. बोटाने चोळलं तर चिऱ्याची माती होत होती. वडील शेजारी उभे होते, काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून मी हे काम शिकायला लागले.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी वरून येणारं पाणी, मग खालून येणारं, मग लाकूड, आणि प्लास्टर-रंग सगळ्यात शेवटी. ज्या म्हाताऱ्या मेस्तांनी मला शिकवलं ते कुठल्याही घरात शिरले की एकच म्हणायचे, "बाय, पयलीं उदक खंयच्यान येता तें पळय." म्हणजे, आधी पाणी कुठून येतं ते बघ.

छपराचं काम मार्च ते मे ह्या काळात करून घ्या. कौलं एकेक उतरवून वाजवून बघा. चांगलं कौल खणखणतं, तडकलेलं बद्द वाजतं. जुनी कौलं टाकून देऊ नका, त्यातली बरीच आणखी कित्येक वर्षं टिकतील. चांगली रस्त्याच्या बाजूला लावा, नवी मागच्या उतारावर. रिपा, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्ट्या, बहुधा सगळ्या बदलाव्या लागतील, वासे मात्र एकेक तपासून. भिंतीवर जिथे वासे टेकतात ती आडवी पाटी आणि दोन उतार मिळतात तिथली पन्हळ, ह्या दोन जागा स्वतः शिडीवर चढून बघा. गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू झालेली असते, आणि खालून दिसतो तो डाग भलतीकडेच.

खालच्या पाण्यासाठी आधी दुकानाबाहेर उभं राहून रस्ता बघा. दर डांबरीकरणाला रस्ता थोडा थोडा वर येतो, आणि पन्नास वर्षांत तुमची पायरी त्याच्या बरोबरीला येते. भिंतीलगत फरशी किंवा काँक्रीट असेल तर ते हातभर रुंदीत काढा, उताराची मोरी करा आणि गटार मोकळं ठेवा. भिंतीवरचं जुनं सिमेंट ओलीच्या खुणेच्या दोन फूट वरपर्यंत काढून टाका. आणि मग थांबा. जाड भिंत इंचाला महिना ह्या हिशेबाने वाळते, म्हणजे हातभर जाडीच्या भिंतीला बारा महिन्यांहून जास्त लागले तरी नवल नाही. ह्या दिवाळीनंतर हात लावून बघा. ओल लागली तर पुढच्या दिवाळीपर्यंत भिंत उघडी ठेवा. दुकानात नागडा चिरा दिसतो म्हणून गिऱ्हाईक परत जात नाही, हे मी अनुभवाने सांगते. ओल भिंतीतली की हवेतली, असा संशय आला तर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा. दुसऱ्या दिवशी पाण्याचे थेंब आतल्या बाजूला असतील तर ओल भिंतीची.

प्लास्टर मुरवलेल्या चुन्याचं, एकाला तीन वाळू ह्या प्रमाणात, पातळ थरांत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड बनतो, त्यामुळे त्याला घाई चालत नाही. उन्हात भराभर वाळला तर भुगा होतो, म्हणून गोणपाट ओलं करून टांगावं लागतं. चुन्याचं काम येणारे गवंडी थोडेच उरलेत. मजुरी ठरवण्याआधी मागच्या भिंतीवर तीन फूट बाय तीन फुटांचा नमुना करून घ्या आणि महिनाभराने नखाने ओरखडा. भुकटी निघाली तर दुसरा गवंडी शोधा.

माळ्याच्या फळ्या हलतात त्याचं कारण फळ्यांत नसेल. तुळयांची भिंतीत शिरलेली टोकं तपासा. बाहेरून तुळई धडधाकट दिसते, आणि टोक आतून ओलीने किंवा वाळवीने पोकळ झालेलं असतं. टोकाशी पेचकस टोचा. इंचभर सहज आत गेला तर तेवढं टोक कापून नव्या लाकडाचा तिरका सांधा द्यायचा आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळायच्या. अख्खी तुळई काढायची गरज क्वचितच पडते. आणि गोदाम खाली करा, हे आजच. आपल्या मानकात राहत्या घराच्या मजल्याला चौरस मीटरला २०० किलो आणि किरकोळ दुकानाला ४०० किलो भार धरतात. कागदाचे गठ्ठे छातीइतके रचले की हे आकडे कधीच ओलांडतात, आणि तुमचा माळा घराच्या हिशेबाने बांधलेला असणार.

परवानगीचंही लिहिते. तुमचा भाग पणजीच्या संवर्धन क्षेत्रात येतो. २०१० च्या बांधकाम विनियमांनुसार अशा ठिकाणच्या कामाला संवर्धन समितीची संमती लागते. महापालिका आणि नियोजन प्राधिकरणाकडे अर्ज करताना फोटो, आहे तसा नकाशा आणि "जुन्या सामानाप्रमाणेच दुरुस्ती" असं स्पष्ट लिहिलेला तपशील जोडा. पुष्कळ मालक परवानगीच्या धास्तीने रात्री गुपचूप काम करतात आणि मग काम थांबवण्याची नोटीस ऐन जूनमध्ये, छप्पर उघडं असताना हातात पडते. तुम्ही तसं करू नका.

म्हापशात आजोबांच्या नावावर दुकानांची चाळ आहे. आज आम्ही सात वारस, एक मुंबईला, एक लिस्बनला. कागद पोर्तुगीजमध्ये. दुरुस्तीला कर्ज काढायला गेलो तर बँक म्हणते, सगळ्यांच्या सह्या आणा. धाकटा चुलतभाऊ म्हणतो, पाडून नवी बांधायला बिल्डरला देऊ. इमारत मात्र दर पावसाळ्यात थोडी थोडी जाते आहे.
*एक वाचक, म्हापसा*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मी पाहिलेल्या बऱ्याच इमारती अशाच गेल्या. भिंत मजबूत होती, पण कौल फिरवायला कुणाच्या खिशातून पैसे जायचे हे ठरलं नाही.

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आली आहे. तिच्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, अर्धी अर्धी. मुलींचा हक्क मुलांइतकाच. म्हणजे तुमचे सात वारस नुसते सात नाहीत. त्यांच्या जोडीदारांच्याही सह्या लागतात, आणि बँक त्याच मागते आहे. वारसांची बाब आता २०१२ च्या वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्याखाली चालते. सगळे वारस कोण ह्यावर वाद नसेल तर विशेष नोटरीपुढे वारसपत्र करा. जुनी माणसं त्याला अजून हाबिलितासांव म्हणतात. वाटणीवर वाद असेल तर न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी. लिस्बनच्या भावाने तिथल्या भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवलं तर त्याला यावं लागत नाही.

कागद गोळा करताना तीन गोष्टी बघा : जुन्या नोंदणीतला दिस्क्रिसांव (मालमत्तेच्या वर्णनाचा) नंबर, मात्रीज (जुन्या करनोंदीतला) नंबर, आणि सिटी सर्व्हेचा पी. टी. शीट (नकाशाचा कागद) व चलता (त्यावरचा तुकडा) नंबर. तिन्ही एकाच इमारतीकडे बोट दाखवतात की नाही, हे पोर्तुगीज वाचता येणाऱ्या जाणकाराकडून तपासून घ्या. माझ्या पाहण्यातल्या एका इमारतीत जिना शेजाऱ्याच्या नोंदीत निघाला होता, आणि तो उलगडा व्हायला जी वर्षं गेली तेवढ्यात जिना पडला.

पण ह्या सगळ्याला वेळ लागतो आणि मृग काही थांबणार नाही. म्हणून आजच एक छोटा कागद करा. सातही जणांनी मिळून "छप्पर व गटार एवढीच तातडीची दुरुस्ती, खर्च हिश्श्याप्रमाणे, ह्या खर्चाने कुणाचा हक्क वाढत किंवा घटत नाही" असं लिहून सह्या करायच्या. मसुदा वकिलाकडून करून घ्या. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण भाऊ पैसे द्यायला कचरतात ते बहुतेक ह्याच भीतीने की खर्च करणारा उद्या मालकी सांगेल. भाड्यातून एक सामाईक खातं उघडा आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम तिथे टाका.

धाकट्या भावाला खलनायक ठरवू नका. त्याला आपल्या हिश्श्याचे पैसे हवे आहेत, आणि ते रास्त आहे. त्याच्यासमोर दोन हिशेब ठेवा : पाडून बांधण्यात परवानगी, भाडेकरूंची सोय आणि बांधकाम ह्यांत किती वर्षं भाडं बुडेल, आणि दुरुस्तीत किती महिने. मी बसवलेल्या अशा दोन बैठकांत, आकडे कागदावर आल्यावर आवाज खाली आले.

मडगावच्या जुन्या बाजारात मी चाळीस वर्षं भाडेकरू आहे, शिवणकामाचं दुकान. दरवाज्यावरच्या कमानीला तिरकी भेग पडली आहे. मालक म्हणतात, दुरुस्तीला दुकान खाली करा. खाली केलं तर परत मिळेल ह्याची काय खात्री?
*एक भगिनी, मडगाव*

ताई, तुमची भीती खरी आहे. भेग चालती आहे की जुनी, हे आधी बघू. भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना चुन्याच्या लगद्याने चिकटवा आणि वर तारीख लिहा. काच तडकली तर भिंत हलते आहे, त्याच दिवशी कमानीला लाकडी टेकू द्या. पाया बसत असेल तर खालच्या गटाराकडे बघा, पाणी मुरून माती धुपलेली असते. भेगेतून पिंपळाचं रोप डोकावत असेल तर उपटू नका, मुळासकट चिरा सुटून येईल. कापा, मुळं मारा, सुकू द्या, मग भेग चुन्याने भरा.

एका कमानीसाठी दुकान खाली करावं लागत नाही. टेकू देऊन, रात्री आणि रविवारी काम करून अशा कमानी मी चालत्या दुकानांत बसवल्या आहेत. मालकांना हे माझ्या नावाने सांगा. सगळी इमारतच उतरवायची असेल तर जागा सोडण्याआधी लेखी करार नोंदणी करून घ्या. त्यात दुकानाची मापं, रस्त्याकडचं तोंड, परत देण्याची तारीख, मधल्या काळातली जागा आणि भाडं ही सगळी यावीत. मोजणीच्या वेळी दोघांनी हजर राहून फोटो काढा. भाडेनियंत्रणाचा १९६८ चा कायदा तुमच्या बाजूने कुठवर येतो, ते करार करण्याआधी वकिलाला विचारा.

माझा मुलगा अमेरिकेत आहे. तो सांगतो, तिथे बाजारातली जुनी इमारत दुरुस्त केली तर सरकार खर्चाचा पाचवा भाग करातून सोडतं. आपल्याकडे मालकाला काहीच का नाही?
*एक वाचक, फोंडा*

मुलगा बरोबर सांगतो. तिथे उत्पन्न देणारी ऐतिहासिक इमारत ठरलेल्या निकषांनी दुरुस्त केली तर २० टक्के करसवलत मिळते, पाच वर्षांत विभागून. आणि त्यांच्या गावोगावच्या मुख्य बाजारपेठा सावरण्यासाठी १९८० पासून मेन स्ट्रीट नावाचा कार्यक्रम चालतो. त्यात दुकानदार एकत्र येतात, पाटीपासून पार्किंगपर्यंत एकत्र ठरवतात. ही दुसरी गोष्ट मला पहिलीइतकीच मोलाची वाटते, कारण ती करायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

तशी करसवलत आपल्याकडे नाही, आणि ती मागायला हवी असं माझं ठाम मत आहे. पणजीतल्या जुन्या फोन्तेन्यश भागाच्या रंगीत भिंती बघायला जग येतं, त्या भिंतींचा खर्च मालकाचा एकट्याचा. तोवर जे आहे ते तरी सोडू नका. भाड्याच्या उत्पन्नातून पालिकेची घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्ती केली असो वा नसो. स्वतःचा धंदा असलेल्या जागेची चालू दुरुस्ती धंद्याच्या खर्चात धरता येते. नवं बांधकाम आणि दुरुस्ती ह्यांची बिलं मात्र वेगळी घ्या, ठेकेदाराचं "एकूण काम" असं बिल चालत नाही. दुकानदारांना मुद्रा कर्जाचा रस्ता आहे, वीस लाखांपर्यंतचा, पण वरचा टप्पा आधीचं कर्ज फेडलेल्यांनाच.

पैशाइतकीच मदत सल्ल्याची असते. पणजीत आल्तिन्यावरच्या गोवा वास्तुकला महाविद्यालयातले विद्यार्थी जुन्या इमारतींची मोजणी अभ्यासाचा भाग म्हणून करतात. प्राचार्यांना पत्र लिहून विचारा. चांगला नकाशा हाती असला की ठेकेदाराचा अंदाजही जमिनीवर येतो.

दुकानाच्या पुढच्या बाजूला शिंपल्यांच्या, म्हणजे काचेऐवजी शिंपले बसवलेल्या, खिडक्या आहेत, निम्म्या फुटक्या. नवे शिंपले कुठे मिळतील? आणि रंग कोणता लावू?
*एक वाचक, पणजी*

नवे शोधू नका. तो शिंपला आता वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. सगळ्या खिडक्यांतले चांगले शिंपले काढून जमतील तेवढ्या खिडक्या पुऱ्या करा आणि उरलेल्यांना दुधी काच बसवा. शिंपला लाकडी खाचेत नुसता सरकवलेला असतो. खालची पट्टी हलक्या हाताने सोडवली की तो सुटा येतो, गोंद किंवा सिलिकॉन लावू नका. साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवून मऊ फडक्याने पुसा.

रंग चुन्याचा, गेरू किंवा निळीचा. प्लॅस्टिक पेंट नको, कारण वर लिहिलंय तेच, भिंतीला वाळता आलं पाहिजे. पावसाळा सरला की दरवर्षी एक हात. रंगाआधी फ्लेक्सची पाटी आणि एसीचं बाहेरचं यंत्र काढून बघा. खाली बहुधा जुन्या पाटीची अक्षरं निघतील. निघाली तर त्यांच्यावर चुना फिरवू नका, मला फोटो पाठवा.